चकचकीत सम्राट

प्रिय आन्सगार,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. बाबा इस्पितळातून घरी आलेत. खुब्याचं हाड जुळतंय. ते इथे नसताना तू येऊन जो पराक्रम करून गेलास, त्याबद्दल लिहितेय.

गाढवा, जुनी रोमन नाणी कुणी व्हिनेगरमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासतं का? तोही आपल्याच दुकानातला ब्रश! खिळे आणि बिजागऱ्या विकण्यात बाबांचा जन्म गेला, पण जीव त्या नाण्यांत. द्राक्षमळेवाले नांगरताना सापडलेलं मातीचं ढेकूळ आणून द्यायचे, "घ्या, तुमचा पाहुणा आलाय." मग पाहुणा महिनोन्‌महिने ऑलिव्हच्या तेलात. आई करवादायची, "सम्राटांना तेलाची आंघोळ, आणि आम्हाला उकडलेले बटाटे!" गिऱ्हाईक नसलं की बाबा गुलाबाच्या काट्याने कणकण माती काढत बसायचे. एका नाण्याला अख्खा हिवाळा लागायचा. वरची हिरवी झाक मात्र जपायची, कारण नाण्यावरचा सम्राटाचा चेहरा तिच्यातच असतो. ती गेली की उरतो नुसता तांब्याचा तुकडा. हे तुला ठाऊक नाही, कारण तू कधी त्यांच्या शेजारी बसलाच नाहीस.

मी बसले. तू म्युनिकला गेलास आणि नाताळला केक खायला येत राहिलास. ट्रियरचं हे दुकान मी चालवलं, आईचं आजारपण मी काढलं, काटेसुद्धा मीच तोडून आणले. संताप येतो रे, फार येतो.

काल बाबांनी खण उघडला. सगळे सम्राट नव्या बटणांसारखे चकचकीत, नाकडोळे गुळगुळीत. बाबा एकेकावरून अंगठा फिरवत राहिले. मग खण लावून म्हणाले, "किती राबला असेल गं पोरगा." मी ओरडले, "बाबा, वाटोळं केलंय त्याने!" तर मलाच दटावलं, "हळू बोल, हेडविग. त्याला कळू द्यायचं नाही." मी कळवतेय.

आज सकाळी त्यांनीच मला तुला पत्र लिहायला बसवलं. सांगितलेला मजकूर एवढाच: नाणी सुंदर झालीत, तुझे आभार. बाकीचं सगळं माझं आहे. इतक्या वर्षांत त्यांनी माझे एकदाही आभार मानले नाहीत, आन्सगार. तुझे तेवढे पोचते केले.

तुझीच, काय करणार,
हेडविग