थरथर थांबली तेव्हा

४ फेब्रुवारी

बर्फ! अख्खी टाकी भरून. खाडीच्या गार पाण्याची सवय व्हावी म्हणून लेक त्यात गळ्यापर्यंत बसली. तिला धड श्वास घेता येईना — नुसत्या धापा. मी पुढे झाले, तर ह्यांनी हात आडवा घातला. "शरीर शिकतंय. मध्ये पडू नकोस." जसं काही ते शरीर ह्यांनी पोटात वाढवलं!

१२ फेब्रुवारी

आज टाकीत उतरताना हूं नाही की चूं नाही. धापही नाही. इतक्या लवकर होते सवय?

१ मार्च

आता वजन वाढवायचं. चरबी म्हणजे आतलं स्वेटर, असं ह्यांचं म्हणणं. तिचे कपडे उसवून सैल करतेय. नणंदबाई बघून गेल्या — "अगं, पोरगी खाडी पोहून जाणार आहे की बुजवणार आहे?" लेक खो खो हसली. मला काही हसू आलं नाही.

२० मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. लेक बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, "सवय झाली की गारठा कमी जाणवतो. बाधायचा तो बाधतोच. कुडकुडतेय तोवर ठीक. पण पाण्यातच थरथर थांबली, बोलणं जड झालं, तर वाट बघू नका."

ह्यांना सांगितलं. म्हणे, "घाबरवणं हा त्यांचा धंदाच आहे." तरुणपणी ही खाडी पोहताना ह्यांना अर्ध्यातून बोटीत ओढून घेतलं होतं. अजून म्हणतात — उगाच काढलं मला.

९ मे

उद्या. पोहणाऱ्याला कुणी नुसता हात लावला तरी सगळं बाद, असा नियम. बोटीत नावाडी, पंच, हे आणि मी. माझं काम सूप देणं. बाहेर कधी काढायचं ते ह्यांनी ठरवायचं.

झोप कसली येतेय!

११ मे

दवाखान्यात लेकीच्या उशाशी बसलेय. कालचं लिहून टाकते.

दुपारपर्यंत छान चालली होती. मग वारा सुटला. काठीला बांधलेल्या बाटलीतून मी गरम सूप देत होते. पिताना तिचे दात कडकड वाजायचे. तो आवाज ऐकून मला बरं वाटायचं!

मग एकदा वाजलेच नाहीत. चेहरा अगदी शांत. हात वेडेवाकडे पडायला लागले. बोलणं जड झालंय का बघायला मी ओरडले, "सकाळी काय खाल्लंस गं?"

ती हसली. जड जिभेनं म्हणाली, "उकडतंय, आई."

त्या पाण्यात!

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांची नजर समोर. किनाऱ्यावरची घरं दिसत होती.

"काढा तिला."

"थोडंच राहिलंय. मी तिला शब्द दिलाय, काढणार नाही म्हणून."

"अहो, तिला उकडतंय!"

"गप्प बस!"

मला पोहता येत नाही. बोटीच्या कडेला पालथी पडले, वाकले आणि तिचा दंड धरला. गारढोण. पंचांनी शिट्टी वाजवली. संपलं.

नावाड्यानं आणि मी तिला वर ओढलं. रडली नाही, भांडली नाही — तेच भयंकर. ओले कपडे काढले, ब्लँकेटं गुंडाळली, पोटाशी धरून बसले. बऱ्याच वेळानं ती थरथरायला लागली. अशी की माझेही दात वाजले. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

१३ मे

दवाखान्यातून घरी आलो. हे माझ्याशी बोलत नाहीत. लेक भिंतीकडे तोंड करून पडलीये.

१९ मे

ह्यांनी टाकी रिकामी करून अंगणात पालथी घातली. "आता कशाला हवी!" नणंदबाईंचा फोन — "किनारा दिसत होता म्हणे?"

हो, दिसत होता. सगळ्यांना किनाराच दिसत होता.

३ जून

रात्री जेवताना लेक ह्यांना म्हणाली, "पुढच्या वर्षी परत जाणार आहे मी. बोटीत आई असेल. तुम्ही किनाऱ्यावर थांबा, बाबा."