आजोबांचा रंधा काचेत राहत नाही

ती. तोकुजीमामांस,

किनुएचा कमरेत वाकून नमस्कार. इथे मुळ्याच्या पानांवर दंव दिसू लागलं आहे. कोबेच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला गेला का? आम्ही सगळे मजेत आहोत. (आई सध्या स्वयंपाकघरात झोपते. कारण पुढे येईलच.)

पदवी घेऊन आल्यापासून मी गावातल्या सुतारांची जुनी हत्यारं गोळा करते आहे. घरातली पहिली शिकलेली मी. निदान ही हत्यारं भंगारात जाऊ नयेत, एवढा तरी माझ्या शिक्षणाचा उपयोग व्हावा. बंद शाळेतली खोली मिळाली आहे, नव्या वर्षात संग्रहालय उघडायचं. मधोमध आजोबांचा रंधा : पणजोबांपासूनचा, ओकचा, तळहातांच्या घामाने काळा पडलेला. तोवर तो मी घरीच, आई झोपते त्या खोलीत, काचेच्या पेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि वर लिहिलं, 'हात लावू नये.' सकाळी पेटीसमोर लाकडाचं लांबलचक सालपट! इतकं पातळ की त्यातून आईचा चेहरा दिसला. (पांढराफटक.)

बाबा म्हणाले, "उंदीर असेल."

आई म्हणाली, "मग त्याला कामाला ठेवा. तुमच्याहून हात बरा आहे त्याचा." आणि माझ्याकडे वळून, "शंभर वर्षं राबलेल्या हत्यारात जीव येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तू त्याला कोंडलंस, बाई!"

जीवबीव काही नसतो, हे मी तिला शांतपणे समजावलं. मग रंध्याची क्षमा मागितली. (अभ्यासकाचं मन मोकळं असावं.)

सालपटं रोज येतच राहिली. आजोबा गेल्यापासून त्यांच्या खोलीचं सरकतं दार फुगून अडलं होतं. काल आईने सवयीने त्याला खांदा लावला आणि ती थेट आत जाऊन आपटली. दार आता एका बोटाने सरकतं. कड नुकतीच रंधलेली, देवदाराचा ताजा वास. बाबांनी तिथल्या तिथे ठरवलं : रविवारी रंधा देवळाच्या शेकोटीत. मी रडले, भांडले, ऐकत नाहीत.

तुमची भाची,
किनुए

ता. क. खरं काम राहिलंच. वाटणीत तुम्ही या रंध्याचं पातं नेलंत, ते रविवारच्या आत पाठवाल का? इथे नुसतं लाकूड आहे. धड हत्यार जाळू नये, एवढं बाबाही मानतात. मग तो काचेत नाही ठेवणार. मी रंधायला शिकेन आणि संग्रहालयाची दारं त्यानेच करीन.

ता. क. पाठवण्याआधी पात्याच्या धारेचा वास घेऊन पाहा. देवदाराचा आला, तर मामींना सांगू नका.