पेटीतल्या कटिंगचा डावा खांदा

आई, तुझं पेटीतलं कटिंग मी बाहेरच्या माणसाला दाखवलं. हे आधी सांगते, मग बाकीचं.

कापड बेतायचे इतर कागद तू मशीनवरच्या खिळ्याला अडकवायचीस, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही पाहावेत असे. माझ्या दहाव्या वर्षीच्या फ्रॉकचं कटिंग मात्र पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. “हे भाईर जायचं न्हाई,” म्हणायचीस. आणि मला, “दुसऱ्याच्या हातचं शिवलेलं घालायचं न्हाई.” शेजारणी विचारायच्या, “काय गं, सोनं लावलंय का त्याला?” तू हसत नव्हतीस. जे लपवलंय तेच सर्वांत चांगलं, असं मी धरून चालले.

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. यंदा बदनापूरच्या एका शाळेतल्या मुलींचे फ्रॉक शिवून घ्यायचं काम मिळालं. सहा मापं हवी होती. मी नकाशे काढणारी, शिवणारी नव्हे, म्हणून पट्टी घेऊन तो कागद सगळीकडून सारखा वाढवला. गळा इतका रुंद झाला की नमुन्याचा फ्रॉक खांद्यावर टिकेना. अंग सगळीकडून सारखं वाढत नाही. शेवटी नवीन जालन्यातल्या एका मास्टरांना बोलावलं. कटिंगच्या साइजा काढून देणं हाच त्यांचा धंदा.

मास्टर तुझ्या-माझ्या मस्तगडच्या खोलीत चटईवर बसलेत. त्यांच्या पिशवीवर माझी नजर आहे. कागदाच्या कोपऱ्याला मी बारीक खूण केली आहे, बदलला तर कळावं म्हणून. ते कागद मधोमध दुमडतात आणि थांबतात.

“ताई, कागद दुमडून कापतेत. दोन्ही बाजू बराबर येतेत. हे पुरं उघडं कापलंय, अन् डावा खांदा खाली.”

चूक काढून काम वाढवायचा डाव, मला वाटलं. “आईचा हात चुकत नव्हता.”

“चुकला कुठं म्हणलो? मुद्दाम कापलंय. हे एकाच लेकराचं माप हाय. ह्याच्यावरून साइजा काढल्या, तर शाळेतल्या समद्या पोरी वाकड्या दिसतील.”

मी स्टीलची पट्टी लावली. तीन सूत, अर्ध्या इंचाला थोडं कमी.

सातव्या वर्षी मी जिन्यावरून पडले, खांद्याजवळचं हाड मोडलं. ‘बसलं आता,’ एवढंच तू सांगितलं होतंस. तू गेल्यापासून माझा प्रत्येक कपडा डावीकडे घसरतो. तीन टेलर बदलले. त्यातल्या एका बाईंना तर मी गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, तुम्हाला टेप धरता येत नाही. घरी येऊन कपड्याचे दोन्ही खांदे मोजले. बरोबर निघाले, तरी माझा संशय गेला नाही. कपडा मोजला, स्वतःला कधी मोजलं नाही.

मास्टरांनी खिळ्यावरचा फ्रॉकचा साधा कागद घेतला आणि त्यावरून सहाही साइजा काढल्या. पेटीतल्या कागदावरची खूण जागच्या जागी होती. निघताना त्यांनी विचारलं, “कुणाचं माप व्हतं ते?”

मी ओढणी डाव्या खांद्यावर ओढून घेतली. “धाकट्या बहिणीचं.”

त्यांनी माझ्याकडे न बघता चपला घातल्या.

हा कागद त्याच लुगड्यात ठेवते आहे. मला बहीण नाही; ते माप माझंच, हे त्यांनाही कळलं असावं.