समुद्रातून उगवलेला सूर्य

प्रिय सुबोध,

मढच्या किनाऱ्यावर आपण तिघं भजी खात बसलो होतो, ती संध्याकाळ आठवते? माझ्या मांडीवर चौकटीची वही, आणि तू नि अनिरुद्ध भांडत होतात, की आपण करत असलेल्या गेममधल्या कोळणीला आधी होडी मिळावी की जाळं. मी गावाचा नकाशा काढला, शाळेतल्या सिस्टरांनी लावलेल्या सवयीने समास आखून, आणि समोर सूर्य बुडत असताना समुद्र पूर्वेला दाखवला! अनिरुद्ध केवढा हसला. म्हणाला, ताई, मुंबईत जन्म गेला आणि सूर्य समुद्रातून उगववतेस? गेममध्ये त्याने समुद्र पश्चिमेला नेला. वहीतलं मात्र तू खोडू दिलं नाहीस.

तू कुरिअरने पाठवलेलं ते हातात धरायचं यंत्र मिळालं. पंचवीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर केलेला आपला गेम त्यावर नव्याने आलाय. अनिरुद्धच्या रुचिराने लावून दिला. हरवलेल्या भावाला शोधत ती कोळीण गावोगाव फिरते, तिचा पदर आता वाऱ्यावर हलतो. सुरेख झालंय. पण चेंबूरहून मुलुंड असं कितीसं लांब रे? स्वतः का नाही आलास? गेमच्या शेवटी नावं सरकतात, तिथे कथा आणि नकाशे तुझ्या एकट्याच्या नावावर. म्हटलं, कोणाची तरी चूक असेल, सुबोध असा नाही. मग परवा खेळताना गावात कोंबडा आरवला आणि सूर्य वर आला. समुद्रातून.

जुन्या गेममध्ये हे कधीच नव्हतं. फक्त वहीत होतं. अनिरुद्ध गेल्यावर चार दिवसांसाठी म्हणून तू ती वही नेलीस, आणि सव्वीस जुलैच्या पुरात गेली, असं माझ्यासमोर बसून सांगितलंस. चहाला हात लावला नव्हतास. तेव्हा मला वाटलं, दुःखाने. आता तो भरलेला कप सारखा आठवतो.

बाप गेला तेव्हा रुचिरा दोन वर्षांची होती. त्याच्या हस्ताक्षरातली एक ओळ तिच्याकडे नाही, आणि कोळणीचे सगळे संवाद त्याने त्याच वहीत लिहिले होते. तिला मी अजून काही बोलले नाही. ती रविवारी येईल, त्याआधी तू ये. वही तिच्या हातात दे, माझ्या नको. नावांमध्ये पहिलं नाव अनिरुद्धचं घाल. माझं राहिलं तरी चालेल. यंत्र मी ठेवून घेते, सवय लागलीय. आणि चुकलेल्या समुद्राचं ते पान काढून तू ठेव. त्या एका पानासाठीच वही लपवली असशील, असं मला अजून मानायचंय.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
जानकी