सोजराबाईंच्या परवान्यास हरकत

प्रति,
मा. फुलझाडे परवाना अधिकारी,
पालघर.

विषय: सौ. सोजराबाई मारुती ढोबळे, राहणार बोईसर, यांना फुलझाडे व शोभेची रोपे विकण्याचा परवाना न देणेबाबत.

संदर्भ: हरकती मागवणारी आपल्या कचेरीच्या फळ्यावरील सूचना, तसेच सदर बाईंविरुद्धचे माझे यापूर्वीचे तीन अर्ज.

महोदय,

मी, पंढरीनाथ दामू सावे, राहणार चिंचणी, सविनय कळवतो की, मोगरा, अबोली व कलमी गुलाब यांचा धंदा आमच्या वाडीत वडिलांपासून चालू आहे. परवान्याचा नियम निघाला तेव्हा या भागात सर्वांआधी परवाना मी घेतला व चौकट करून दारावर लावला. माझ्याकडे प्रत्येक कुंडीला चिठ्ठी आहे, प्रत्येक विक्रीला पावती आहे. असे असता गिऱ्हाईक सोजराबाईंकडे जाते. हे मला सहन होत नाही, सरळच लिहितो.

२. सदर बाई सोलापूरकडच्या असून त्यांचे पती वीज केंद्राच्या बांधकामावर फिटर आहेत. मागून आणलेली फांदी जगत नाही, चोरून आणलेली जगते, अशी बायकांची समजूत आहे, ती आपणांस ठाऊक असेलच. बाईंनी या समजुतीवर दुकान थाटले आहे. गिऱ्हाईक आले की त्या पाठ फिरवून तांदूळ निवडत बसतात. गिऱ्हाईक क्रोटनची फांदी मोडते, धुण्याच्या दगडावर पैसे ठेवते व फांदी पदराखाली लपवून निघते. वीज केंद्राच्या वसाहतीतल्या साहेबांच्या बायकांना यात फार मौज वाटते. मागच्या महिन्यात दोघीजणी बोगनवेलीची अख्खी कुंडी चोरत होत्या. ती त्यांना उचलवेना, तेव्हा सोजराबाई मागे न बघता पाठमोऱ्या सरकत आल्या आणि त्यांनी एका बाजूने हात लावला. हे मी कुंपणापलीकडून स्वतः पाहिले आहे. मी तेथे का उभा होतो, हा प्रश्न या अर्जाच्या कक्षेत येत नाही.

३. पहिल्या अर्जात मी विनापरवाना विक्रीची तक्रार केली होती. चौकशीत बाईंनी सांगितले की, "म्या कुटं इकलं? लोकं चोरून नेत्यात." म्हणून दुसऱ्या अर्जात मी चोरीची तक्रार केली. त्यावर, ज्यांचा माल गेला त्यांची तक्रार कोठे आहे, अशी विचारणा झाली. बाईंची काहीच तक्रार नव्हती. तिसऱ्या अर्जात मी मागणी केली की, बाईंना परवाना घेण्यास भाग पाडावे. माझा तेवढाच अर्ज मंजूर झाला.

४. परवान्याच्या अटीप्रमाणे कलम बांधता येणारी व्यक्ती धंद्यात हवी. बाईंना कलम बांधता येत नाही, म्हणून त्यांनी भागीदार घेतली. ती भागीदार म्हणजे माझी पत्नी सौ. हिरा. बाई काय भावाने विकतात ते बघून ये, असे सांगून हिराला बोईसरला मीच धाडले होते. ती भाव विचारायचा विसरली आणि पदराखाली क्रोटन घेऊन आली. कलम बांधायला तिला मी शिकवले. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी तिला कधी बोललो नाही. सोजराबाईंनी पहिल्या भेटीतच तिच्याकडून एक कलम बांधून घेतले आणि ते सांगून टाकले.

५. तेव्हापासून हिरा जेव्हा बघावे तेव्हा एस.टी.ने बोईसरला. घरी आल्यावर चुलीपाशी एकटीच हसते. कशाला हसलीस विचारले तर म्हणते, तुमाला नाय कळायचं. आमच्या वाडीत अबोली फुललेली असताना डोक्यात शेवंती माळून येते, तीही सोजराबाईंची. मी बोललो तर म्हणाली, "तुमी उगाच जळता." उगाच नव्हे. कारणे वर क्रमवार दिली आहेत.

६. आता भागीदारीसाठी पतीची संमती लागते. काल जेवताना हिराने तो कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला. भात वाढला, न मागता लोणचे वाढले आणि भिंतीला टेकून बसली. साहेब, लग्न झाल्यापासून हिराने माझ्याकडे काही मागितलेले नाही. लुगडेसुद्धा मी आणीन ते नेसते. मला नाही म्हणवेना. मी सही केली. तुमीच पालघरला नेऊन द्या, म्हणाली, म्हणून तो कागद याच अर्जाला जोडला आहे.

७. तरी विनंती की, माझी संमती असली तरी सदर परवाना आपण आपल्या अधिकारात नाकारावा. कारण काहीही लिहावे, जागा अपुरी आहे, पाण्याची सोय नाही, आपणांस सुचेल ते. माझ्या या हरकतीचा उल्लेख मात्र कोठेही करू नये. हिरा रागावणार, यात शंका नाही. ती आपल्यावर रागावू दे. आपण पालघरला राहता, मला तिच्यासोबत एका घरात राहायचे आहे.

आपल्या निकालाकडे डोळे लावून बसलेला,

पंढरीनाथ दामू सावे
चिंचणी, ता. १४ नोव्हेंबर १९६८

सोबत:
(१) माझ्या परवान्याची नक्कल.
(२) सौ. हिरा पंढरीनाथ सावे यांच्या भागीदारीस पतीची संमती, सहीनिशी.