केमिस्ट्रीचं गाऱ्हाणं

बाबा, तुमची नात केमिस्ट्रीचं पुस्तक मिटून बसली आहे आणि पेपर आठवड्यावर आलाय. 'आई, मी हा पेपर देत नाही, पुढच्या वेळी बघू,' एवढंच म्हणते आणि खिडकीतून बाहेर बघत राहते. मी सगळं करून पाहिलं. वेळापत्रक भिंतीला चिकटवलं, मोबाइल काढून घेतला, मग जरा हसावी म्हणून परत दिला, बदाम भिजवले, शेजारच्या हुशार मुलीचं नाव घेतलं (ते चुकलंच), शेवटी आवाज चढवला. ढिम्म! तुम्ही असता तर तिच्याशी काय बोलला असता, या विचारात सकाळी चहा उतू गेला. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही तिला पाहिलंसुद्धा नाही, पण हट्टीपणा कुणाचा उचललाय ते तुम्ही लगेच ओळखलं असतं.

माझी बारावी आठवते ना? पाचाडला गडाच्या पायथ्याशी आपलं चार बाकांचं हॉटेल, गडावरून उतरणारी माणसं पिठलं-भाकरी खायला टेकायची, आणि मी मागे चुलीजवळ पुस्तक घेऊन. त्या वर्षी शिमगा आणि केमिस्ट्रीचा पेपर एकामागोमाग एक आले होते. सराव परीक्षेत मी केमिस्ट्रीत नापास झाले होते, आणि शेवटचा आठवडा लागला तसं अंगातलं बळच गेलं. एक पान वाचायचं की वाटायचं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आईला म्हटलं, मी पेपरला जात नाही. आईच्या पोटात काही राहिलंय कधी? संध्याकाळच्या आत तुम्हाला कळलं. तुम्ही मला एका शब्दाने काही बोलला नाहीत. जे बोललात ते देवासमोर बोललात, तेही सगळ्या वाडीदेखत.

शिमग्याची पालखी आपल्या अंगणात येते. मुंबईहून आलेले काका, चुलत भावंडं, शेजारीपाजारी, सगळे गोळा झालेत. आई ओटी भरते, तुम्ही नारळ पुढे करता. घरोघरचं मागणं देवापुढे मांडून गाऱ्हाणं घालणारे नाना विचारतात, 'काय मागनं हाय यंदा?' दरवर्षी तुम्ही भाताचं नाहीतर गुरांचं मागायचात. 'पोरीची केमिस्ट्री,' तुम्ही म्हणता. ढोलवाला फिस्सकन हसतो. मला वाटतं, धरणी पोटात घेईल तर बरं. नाना घसा खाकरून सुरू करतात, 'बा देवा म्हाराजा, ही तुजी लेक बारावीला हाय, तिला पास कर...' आणि तुम्ही मध्येच त्यांचा हात धरता. गाऱ्हाणं असं अर्ध्यात कुणी तोडतं का? पण तुम्ही म्हणता, 'पास नको, नाना. ती पेपरला बसू दे, येवढाच मागा. फुडचा तिचा ती बगंल.' एवढं तोकडं मागणं नानांनी जन्मात घातलं नसेल. तरी घालतात, आणि सगळी वाडी एका आवाजात म्हणते, 'होय म्हाराजा.'

पालखी पुढच्या घरी गेली आणि मी तुमच्यावर तुटून पडले. माझी लाज चव्हाट्यावर मांडलीत, तुम्हाला काय कळतं केमिस्ट्रीतलं, असं काय काय बोलले. तुम्ही कपाळावरचा गुलाल पुसत म्हणालात, 'काय नाय कळत गो. पन तू नापास होयाला भीत नायस, लोकं काय म्हनतील त्याला भितेस. आता लोकांना सगला म्हायती हाय. सुटलीस.' मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता की रात्री जेवले नाही. पण सुटले होते हे खरं. लपवायला काही उरलंच नव्हतं. बायका पाणी भरताना विचारायच्या, 'बसतेस ना गो पेपरला?' पास होशील का असं मात्र कुणी विचारलं नाही, कारण देवाकडे तसं मागितलंच नव्हतं. मग मी अवघड धडे सरळ सोडून दिले आणि जे डोक्यात शिरत होतं तेच घोटत बसले. एक जमला की वाटायचं, चला, अजून एक बघू. पेपरच्या दिवशी तुम्ही हॉटेल बंद ठेवून माझ्यासोबत एसटीने महाडला आलात आणि वाटेत केमिस्ट्री सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोललात. काठावर पास झाले. आज कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासून त्याच केमिस्ट्रीवर पोट भरते.

काल हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकत होती, ढोलवाल्याला हसलीसुद्धा. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात म्हणाली, 'आजोबांनी तुझ्यासाठी काय मागितलं आणि तू माझ्यासाठी काय मागितलंस?' झालं असं, की यंदा पेपर शिमग्याच्या आधी आहे, पालखीपर्यंत थांबता येत नव्हतं. म्हणून रविवारी आम्ही गावी जाऊन देवळात गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. त्याने विचारलं, काय मागणं? मी म्हटलं, 'नव्वदच्या वर मार्क.' ती हात जोडून माझ्या शेजारीच उभी होती. पुस्तक मिटलं ते त्याच संध्याकाळी.

आता तिला जाऊन सांगायला हवं, की नुसती पेपरला बस, मार्कांचं राहू दे. साधं वाक्य आहे. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. ते तिला खोटं वाटेल, कारण ते खोटंच आहे. मला नव्वद हवेत, बाबा. तुम्हाला तरी मी नापास झालेली चालले असते का? नाना 'तिला पास कर' म्हणाले तेव्हा 'होय म्हाराजा' म्हणायला तुमचे ओठ हलले होते, हात तुम्ही त्यानंतर धरलात. मी अगदी जवळ उभी होते, मला दिसलं होतं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, त्यामुळे ते इथेच राहील, आणि मी तिसऱ्यांदा दारापर्यंत जाईन. पण तुम्हाला एवढं सांगते. तुम्हालाही हवंच होतं, आणि तरी तुम्ही मागितलं नाहीत. मला ते अजून जमत नाही.