टर्बोच्या गाडीला बोअरचं पाणी

आप्पा, तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आणि मी तुम्हाला मोटारीचं सांगायला बसले आहे. हसू नका. चौथीतून मला काढलं तेव्हा जेवढं लिहिता येत होतं तेवढंच आजही येतं, म्हणून सावकाश लिहिते. लातूर जिल्हा वेगळा झाला त्याच साली तुम्ही गेलात. मला उदगीरला दिलेलं, म्हणून लेक नव्या जिल्ह्यात गेली आणि तुम्ही मुखेडला जुन्या नांदेडातच राहिलात. आता उदगीरवाल्यांना आणखी एक जिल्हा पाहिजे आहे, चौकाचौकात त्याच्याच गप्पा. होईल तेव्हा होईल. यंदा दुसऱ्या साली पाऊस नाही, नळ बाराव्या दिवशी येतो, प्यायचं पाणी आम्ही झाकून ठेवतो आणि भांड्याला बोअरचं वापरतो. बोअरचं पाणी इतकं खारट की स्टीलच्या ताटावर पांढरे डाग उरतात. पण मी गाडीचं सांगत होते.

गाडी माझ्या नातीची, थोरल्या लेकाच्या पोरीची. देगलूरला एका खाजगी दवाखान्यात ती रक्त तपासायचं काम करते. सकाळी उपाशीपोटी माणसं रांगेत बसलेली असतात, म्हणून आठच्या आत पोचावं लागतं, आणि एसटीचं तुम्हाला माहीत आहे, ते काही बदललं नाही. नोकरी कराराची, दर वर्षी नवा कागद. म्हणून पोरीनं साठवलेल्या पैशातून पुण्याहून जुनी गाडी आणली. लाल, बुटकी, मागून विळीवर कापल्यासारखी. लेक म्हणाला, "एवढ्याशा डबीला एवढे पैसे? ह्यात मोठी गाडी आली असती की!" पोरगी म्हणाली, "बाबा, टर्बो हाय." टर्बो हे गाडीच्या घराण्याचं नाव असेल असं मला वाटलं.

टर्बो म्हणजे काय ते मला मिस्त्रींनी सांगितलं. नांदेड रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे, वयानं माझ्या लेकाएवढे, मला अम्मा म्हणतात. बॉनेट उघडून त्यांनी गोगलगाईसारखी एक लोखंडी वस्तू दाखवली. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो त्यानं आतला पंखा फिरतो, आणि त्या पंख्याच्या जोरानं दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. मी म्हणाले, "म्हणजे चुलीनं स्वतःच्याच धुरानं स्वतःला फुंकायचं?" ते इतके हसले की हातातला पाना ठेवला. "हौ अम्मा, बिलकुल!" आप्पा, तुम्ही असता तर ती वस्तू खोलून, पुसून, परत लावल्याशिवाय जेवला नसता. तुमचं विहिरीवरचं इंजिन खोलताना तुम्ही नट ओळीनं धोतराच्या फडक्यावर मांडायचा आणि आम्हा पोरांना ओलांडू द्यायचा नाही, ते मला त्या गॅरेजात उभं राहून दिसलं.

गाडी घरात आली आणि तिचे लाड सुरू झाले. पहिल्याच महिन्यात शिट्टी वाजायला लागली आणि चढावर दम लागायला लागला. पोरगी रडकुंडीला आली, टर्बो गेला म्हणून. टर्बो बदलायचा म्हणजे गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च. मिस्त्रींनी हात घालून सांगितलं, "टर्बो अच्छा है, हवा की नली फटी सो है." नळी साधीच, पण ती हैदराबादहून यायला आठ दिवस लागले. मग ऑइल. पहिल्या मालकानं ऑइल कधी बदललं त्याचा कागदच नव्हता, वर्षभर तेच काळं ऑइल घेऊन फिरवली असणार. साधं ऑइल हिला चालत नाही, महागाचंच लागतं, आणि गाडीच्या वहीत लिहिलंय त्याच्याही आधी बदलावं लागतं. मग प्लग, मग कॉइल, मग टायर, मग विमा. लेक म्हणायचा, "ही गाडी न्हाई, सोयरीक हाय. दर महिन्याला आहेर."

मला मात्र मजा वाटायची. सोमवारी पोरगी मला देगलूरला घेऊन जायची. दवाखान्यात बाकावर बसून मी निम्म्या गावाची दुखणी ऐकायची, कुणी तेलुगूत सांगे, कुणी कानडीत, मला दोन्ही अर्धं अर्धं कळतं. लांबून पळून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं, आतला पंखा लालभडक झालेला असतो, असं मिस्त्रींनी सांगितलेलं. पोरगी घाईची. म्हणून ते काम मी घेतलं. गाडी थांबली की मी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून एकवीस वेळा ॐ नमः शिवाय म्हणायची आणि मग सांगायची, "कर बंद." शेजारची बाई मला विचारते, गाडीला नजर लागू नये म्हणून का हो? मी "हाव" म्हणून सोडून देते.

आता मुख्य सांगते. इंजिनाजवळ एक पांढरी डबी असते, तिच्यात गुलाबी पाणी. पोरगी एकदा मला म्हणाली होती, हे गार ठेवायचं पाणी. एका सकाळी ती बॉनेट उघडं टाकून डबा घ्यायला आत गेली, तर मला पाणी रेषेच्या खाली दिसलं. मी हौदातलं तांब्याभर बोअरचं पाणी आणलं, झाकण फिरवलं, ओतलं. दुष्काळात कुणाला तांब्याभर पाणी द्यावं तसं. आठ दिवसांनी परत कमी, परत ओतलं. असं दोन महिने. कुठून तरी ते झिरपत होतं हे मला काय ठाऊक? पोरीला सांगावंसंही वाटलं नाही. तुळशीला पाणी घातलं ते कुणी सांगत फिरतं का?

चैतात एका सोमवारी देगलूर पाच-सहा कोसांवर असताना काटा वर चढला, लाल दिवा लागला, आणि गाडीतून वाफ निघाली. आम्ही दोघी बाभळीखाली उभ्या. दवाखान्यात तिकडं माणसं उपाशी बसलेली. दहाला ती पोचली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिन्यांत करार संपतो, पुन्हा असा उशीर झाला तर नवा कागद होणार नाही.

गाडी ओढून गॅरेजात आणली. लेकही दुकान सोडून आला. मिस्त्रींनी आतला एक भाग काढून हातावर ठेवला, सगळा पांढऱ्या पापुद्र्यानं भरलेला, आपल्या पाणी तापवायच्या बंबाच्या बुडासारखा. विचारलं, "इसमें बोअर का पानी कौन डाले?" सगळ्यांनी पोरीकडं बघितलं.

"मी न्हाई टाकलं. आईशप्पथ न्हाई."

"मग काय गाडीनं आपल्या हातानं पिलं?" लेक म्हणाला. "तुला सांभाळता येत न्हाई. ही मोडीत घाल. दोन महिने एसटीनं जा, मग घरी बस. पाव्हणे बघायला येऊन राहिलेत, तेवढं बघ."

 पोरगी ओढणीनं हातावरचं काळं पुसत राहिली, ते निघत नव्हतं.

मी म्हणाले, "मी टाकलं."

"माय, तू गप बस. तिला पाठीशी घालू नको."

"तांब्यानं टाकलं. हौदातलं. दोन महिने टाकून राहिले." तरी त्याचा विश्वास बसेना. तेव्हा मी म्हणाले, "माझ्या आप्पानं शिकवलं तसं केलं. विहिरीवरच्या इंजिनात मी पोर असताना पाणी भरायची. माणूस तहान लागली तर बोलतो, इंजिन बोलत न्हाई, त्याचं पाणी आपण बघायचं, असं आप्पा म्हणायचे."

तुमचं नाव निघाल्यावर लेकाचा राग उतरला. दुकानात गल्ल्याच्या वर तुमचाच फोटो आहे, लहानपणी तुमच्या खांद्यावरून बाजार हिंडलाय तो. तो हसायलाच लागला. "आज्जाचं इंजिन आणि हे इंजिन एक हाय का गं माय?" मग मिस्त्रींना म्हणाला, "काय लागतं ते बसवा, मी बघतो." इंजिनाचं डोकं, मिस्त्री हेड म्हणतात ते, वाचलं होतं, पोरीनं काटा बघताच गाडी बंद केली म्हणून. पंप आणि नळ्या बदलल्या. चार दिवस तो स्वतः तिला स्कूटरवर देगलूरला सोडून आला. दोन महिन्यांनी नवा करारही झाला. पाव्हण्यांना पुढच्या साली या म्हणून सांगितलं.

तर आप्पा, एवढ्यासाठी लिहिलं. तुम्ही तसं शिकवलं नव्हतं. मला शाळेतून काढलं त्या साली पण पाऊस नव्हता. गोड्या विहिरीनं तळ गाठला, इंजिनात घालायला प्यायचं पाणी नको म्हणून तुम्ही इंजिन बंद ठेवलं, आणि भाजी वाळते, इंजिन चालावं म्हणून मी खाऱ्या आडाचं पाणी त्यात घातलं. तुम्ही माझा हात धरून ते सगळं जमिनीवर ओतायला लावलं. "वाळू दे भाजी. खार आतून बसतो, वरून दिसत न्हाई." त्या दिवशी तुम्ही मला मारलं नाही, पण जेवतानाही बोलला नाहीत. गाडीत तांब्या ओतताना ते मनात आलं नाही, पांढरा पापुद्रा बघितला तेव्हा पक्कं आठवलं. गॅरेजात उभं राहून तुमचं नाव सांगतानासुद्धा आठवत होतं.

लेकाला हे सांगितलं नाही, सांगणारही नाही. तो आता येईल त्याला तुमची गोष्ट सांगतो, आमचा आज्जा इंजिनाला बोअरचं पाणी पाजायचा म्हणून, आणि लोक हसतात. मीही हसते.